ट्रॅक क्रमांक सात

मराठी गाण्याला नाव नसतं. कवितेला असतं, नाटकाला असतं, रागाला असतं. गाण्याला मात्र त्याची पहिली ओळ हेच नाव. ना. घ. देशपांडे यांच्या कवितेचं नाव 'शीळ'. जी. एन. जोशी यांनी ती गायली आणि मराठी भावगीताची सुरुवात बरेच जाणकार त्या रेकॉर्डपासून मोजतात. लोकांच्या तोंडी मात्र कवीनं दिलेलं नाव राहिलं नाही, मुखडा राहिला. आपली गाण्यांची जुनी पुस्तकं, रेडिओवरच्या फर्माइशी, 'आठवणीतली गाणी'सारखं मोलाचं संकेतस्थळ, सगळीकडे गाणं त्याच्या मुखड्यानं ओळखलं जातं.

या पद्धतीत एकच अडचण आहे. ज्याला मुखडा आठवत नाही, त्यानं काय विचारायचं? परदेशातल्या आपल्या घरांत ही अडचण रोजची. आजीच्या मांडीवर ऐकलेली चाल चाळिशीतही सुरात गुणगुणता येते, शब्द मात्र मधलाच एखादा उरलेला असतो. पुढच्या पिढीकडे तोही नसतो. तेव्हा अर्धवट आठवणारं गाणं शोधणं हा विरंगुळा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. आपण गाण्यात नेमकं काय जपतो आणि काय गाळतो, याची ती परीक्षा आहे.

मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट लगेच पटेल. १९६७ साली हे नवं शहर आखायला घेतलं, तेव्हा मोठे रस्ते चौकटीच्या जाळ्यासारखे टाकले आणि पुढे प्रत्येकाला नाव आणि क्रमांक दोन्ही मिळाले. एच ६ म्हणजे चाइल्ड्स वे, व्ही ७ म्हणजे सॅक्सन स्ट्रीट. एक विसरलात तर दुसरं तुम्हाला घरी पोहोचवतं. आपल्या गाण्यांनाही कधीकाळी अशा दोन-दोन खुणा होत्या.

गाथा उघडून पाहा. शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, म्हणजे पहिल्या चरणाची वाट. पण प्रत्येक अभंगाच्या आत दुसरीही वाट असते, ती नाममुद्रेची. तुकोबा, नामदेव, जनाबाई शेवटच्या चरणात आपलं नाव घालतात. सुरुवात विसरलेला वारकरीही अभंग कुणाचा हे ठामपणे सांगू शकतो, कारण कर्त्याचं नाव गाण्याच्या बाहेर चिकटवलेलं नाही. ते छंदात बसवलेलं आहे. काढायला गेलं तर चरण मोडतो.

दुसरी खूण चालीची. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या परंपरेतल्या नाटकांची जुनी पुस्तकं पाहिली तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे एखाद्या ठाऊक असलेल्या पदाचे किंवा लावणीचे सुरुवातीचे शब्द छापलेले दिसतात. शब्द नवे, चाल माहितीची. याचा अर्थ चालीला स्वतःची ओळख होती, ती शब्दांपासून सुटी करून सांगता येत होती. पुढे १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी, आणि चाल ही एका कर्त्याची निर्मिती म्हणून मानली जाऊ लागली. हे चांगलंच झालं. पण त्यानंतर भावगीताच्या काळात एका कवितेला एक चाल, एका चालीला एक आवाज असं पक्कं लग्न लागलं. चाल वेगळी सांगायची सोय संपली, आणि आधुनिक कवी कवितेत नाममुद्रा घालत नसल्यामुळे तीही गेली. उरला मुखडा.

आता ज्या गाण्यामुळे हे सगळं डोक्यात घोळायला लागलं त्याकडे वळते. ब्लेचलीतल्या एका किराणा दुकानात शनिवारी सकाळी मेथीची जुडी निवडत होते. दुकान गुजराती कुटुंबाचं, एरवी तिथे हिंदी सिनेमाची गाणी वाजतात. त्या दिवशी एक बाई मराठीत गात होती. गल्ल्यावरच्या मशिनचा टुकटुक आवाज आणि तांदळाच्या गोण्या सरकवण्याची धडधड यांतून माझ्यापर्यंत एक शब्द नीट पोहोचला: 'ओसरी'. 'री'वर सूर हळूच खाली उतरत होता आणि तो जिथे टेकला, तिथून एका व्हायोलिननं तो उचलून पुढे नेला. ही चाल मला ठाऊक होती. कुठून ठाऊक होती ते सांगता येईना. गाणं संपलं आणि पुढचं लागलं ते पंजाबी.

गाणं लावणारा होता शनिवार-रविवारी तिथे काम करणारा विद्यार्थी, नांदेडकडचा. त्याच्या आजोबांच्या कॅसेटी मामानं संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि इकडे येताना पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. "काकू, मला पण नाव माहीत नाही. आजोबा लावायचे एवढंच," तो म्हणाला आणि त्यानं फाइल पाठवली. तिचं नाव होतं 'ट्रॅक ०७'.

म्हणजे आता आख्खं गाणं हातात होतं. तीन मिनिटं आणि काही सेकंद, दोन अंतरे, मुखड्यासकट. तरी ते कुणाचं हे कळेना, कारण तो मुखडा कुठल्याच यादीत नव्हता.

साहजिकच आधी यंत्राला विचारलं. शॅझॅम ही सोय याच देशातली. २००२ साली ती सुरू झाली तेव्हा अ‍ॅप नव्हतंच. मोबाइलवरून २५८० हा क्रमांक फिरवायचा, म्हणजे कळफलकाचा मधला उभा रकाना वरून खाली दाबत यायचा, फोन गाण्याकडे धरायचा, आणि थोड्या वेळानं गाण्याचं नाव लघुसंदेशानं यायचं. २०१८ साली अ‍ॅपलनं ती कंपनी विकत घेतली. तिच्यामागची युक्ती सुंदर आहे. आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं तेवढी टिपायची, त्यांच्या जोड्या आणि जोडीतलं वेळेचं अंतर यांचा ठसा बनवायचा आणि साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहायचा. म्हणूनच गजबजलेल्या दुकानातही ती चालते. पण तिला गाणं कळत नाही, ध्वनिमुद्रण कळतं. तेच गाणं त्याच गायिकेनं दुसऱ्या दिवशी मैफलीत गायलं तर ठसा वेगळा. आणि जे ध्वनिमुद्रण साठ्यात नाही, त्याच्यापुढे ती गप्प. ट्रॅक सातपुढे ती गप्पच राहिली.

चालीवरून शोधण्याचा प्रयत्नही इंग्लंडात फार आधी झाला आहे. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली सुरावटींचा एक कोश छापला. त्यात सूर वाचता येण्याची गरजच ठेवली नाही. पहिला स्वर सोडायचा आणि पुढचा प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढंच लिहायचं. पंधरा-सोळा स्वरांत बहुतेक सुरावटी एकमेकींपासून वेगळ्या पडतात. आज फोनपुढे गुणगुणून गाणं शोधता येतं, त्यातही चालीचा आकार पकडून तो आकड्यांत मांडणं हीच मूळ कल्पना आहे.

ही कल्पना भावगीताला लावून पाहिली की आपल्या गाण्याबद्दल काहीतरी शिकायला मिळतं. मी ट्रॅक सातचा मुखडा पार्सन्सच्या रीतीनं लिहायला बसले. 'ओसरी'च्या 'री'वरच अडले. तिथे सूर खाली उतरतो, पण पायऱ्यांनी उतरत नाही. मींडेनं घसरतो, मध्ये एका स्वराला ओझरता शिवतो आणि मग टेकतो. याला एकदा 'खाली' लिहायचं की तीनदा? पियानोवरच्या सुरावटीत स्वर म्हणजे वेगळं बोट, तिथे हा प्रश्न येत नाही. श्रीनिवास खळ्यांची चाल ज्यांनी गायचा प्रयत्न केला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल: गाणं स्वरांवर जेवढं आहे तेवढंच दोन स्वरांमधल्या वाटेवर आहे, आणि कोशात नेमकी ती वाट गळते.

मग माणसांना विचारलं. मराठी मंडळींच्या गटात मुखडा गुणगुणून टाकला. तासाभरात अकरा उत्तरं आली, अकराही वेगळी. एकाला ते माणिक वर्मांचं वाटलं, एकीला चित्रपटातलं, एका काकांनी तर चक्क नाट्यपद ठरवलं. कुणी संध्याकाळ शोधली होती, कुणी बाईचा आवाज, कुणी ताल. उत्तरांपेक्षा ती का दिली गेली हे वाचणं जास्त मजेचं होतं. प्रत्येकाच्या कानाला गाण्याचा कुठला कोपरा आधी लागतो, ते त्यातून दिसत होतं.

इथे गावाची आठवण येणं अपरिहार्य आहे. ब्लेचली पार्क हे मिल्टन कीन्सचाच भाग. दुसऱ्या महायुद्धात तिथे एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडले गेले. उलगडणाऱ्यांची एक रीत अशी होती: संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज बांधायचा, उदाहरणार्थ हवामानाच्या वार्तापत्रातला ठरलेला शब्द, आणि तो गुप्त मजकुराखाली पुढे-मागे सरकवत बसायचं. एनिग्माची एक खोड होती, कुठलंही अक्षर स्वतःचंच रूप कधी घेत नसे. त्यामुळे सरकवता सरकवता जिथे वरचं-खालचं अक्षर सारखं येई, ती जागा बाद. काय असू शकत नाही हे आधी ठरे, काय आहे ते नंतर.

गाणं ऐकायचीही ही उत्तम रीत आहे. रसिक माणसं ती नकळत वापरतातच. "हे खळ्यांचं नव्हे" हे वाक्य "हे अमक्याचं" या वाक्याच्या खूप आधी सुचतं. ट्रॅक सातला ती लावून पाहू.

वाद्यमेळ अगदी लहान आहे: एक व्हायोलिन, बासरी, तबला, मागे संवादिनी. चित्रपटाच्या गाण्यामागचा भरगच्च ताफा नाही. म्हणजे चित्रपट बहुधा बाद. ताल दादरा. रेकॉर्डवर सुई फिरताना येते तशी खरखर नाही. त्याऐवजी मीडियम वेव्हवर आवाज भरून येतो आणि ओसरतो तसं एक चढउतार आहे. म्हणजे हे रेडिओवरून घरी टिपलेलं. घरोघरी टेपरेकॉर्डर नंतर आले, तेव्हा टेप उशिराची असेल. गाणं त्याआधीचं असू शकतं. आकाशवाणीच्या केंद्रांवर 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमांतून नवी भावगीतं प्रसारित होत, आणि अशा प्रत्येक गाण्याची बाजारात रेकॉर्ड निघे असं नाही. जे बाजारात आलं नाही ते साठ्यात कुठून येणार?

शब्दांकडे पाहिलं तर कविता चित्रापेक्षा वाट पाहण्याची आहे. ओसरीवर दिवा आहे, आत माणसं आहेत, बाहेर कुणीतरी यायचं आहे. कोण यायचं आहे ते दोन्ही अंतऱ्यांत सांगितलेलं नाही. संगीतकारानं हे अचूक ओळखलं आहे. दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ समेची वाट न पाहता आधीच सुरू होते, जणू बाहेर चाहूल लागली. आणि समेवर शब्द येत नाही, नुसता तबला येतो. त्या रिकाम्या समेत सगळं गाणं आहे. गायिकेनंही तिथे हरकत घेऊन जागा भरायचा मोह टाळला आहे. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' या आपल्या पुस्तकात ज्या गाण्याची बाजू मांडली, त्या जातीचं हे गाणं आहे: सूर शब्दाचं म्हणणं ऐकून पाऊल टाकतो.

मात्र एक गंमत लक्षात घ्यायला हवी. शब्दप्रधान म्हणवणारं हे गाणं दुकानात मला भेटलं ते शब्दांमुळे कमी आणि 'री'नंतर सूर उचलणाऱ्या व्हायोलिनमुळे जास्त. आपल्या आठवणीत भावगीताचा जो तुकडा अडकून राहतो तो पुष्कळदा दोन ओळींमधला वाद्यांचा तुकडा असतो. तो कुणी रचला, कुणी वाजवला? प्रभाकर जोग, अनिल मोहिले अशी थोडी नावं जाणकारांना ठाऊक असतात. जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'नं तर सिद्धच केलं की गज नीट फिरला तर शब्दांशिवायही श्रोत्याला शब्द ऐकू येतात. एरवी ही माणसं निनावी. ज्या तुकड्यावरून आपण गाणं ओळखतो, त्याच्या कर्त्याला आपण ओळखत नाही.

निनावीपणाचा हा इतिहास जुना आहे, आणि तो मोडायला नेहमी कुणीतरी विचारावं लागलं आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला; तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय. नाममुद्राच ती, फक्त कामाच्या गरजेतून आलेली. पुढे १९४९च्या 'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं गेलं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, आवाज कुणाचा? तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. श्रोत्यांच्या हट्टानं मिळालेलं ते नाव आहे. याच लताबाईंनी पुढे 'आनंदघन' या नावाआड मराठी चित्रपटांना संगीत दिलं आणि १९६५च्या 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण ते सर्वांना कळलं. शांता शेळके यांनी 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं गाणी लिहिली. लपलेल्यांची नावंही आपल्याला कळली, कारण विचारणारं आणि सांगणारं कुणीतरी होतं.

सांगण्याचं हे काम सर्वांत निष्ठेनं केलं ते आकाशवाणीच्या निवेदकांनी. गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं, रोज, न कंटाळता. कवितेतून गेलेली नाममुद्रा त्यांनी गाण्याच्या दाराशी आणून ठेवली. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा छप्पन्न गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांच्या आवाजांत वर्षभर प्रसारित झाली. नंतर रेकॉर्डवर आलं ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातलं, आणि तेच घराघरांत, आपल्याबरोबर परदेशातही पोहोचलं. बाबूजींचं गाणं थोर आहे याबद्दल वाद नाही. पण मूळ प्रसारणातले कितीतरी आवाज आज फक्त निवेदनांतून आणि लेखांतून उरले आहेत. जे तबकडीवर येतं ते आठवण बनतं.

आणि आता ट्रॅक सातची खरी गोष्ट. फाइलच्या अगदी सुरुवातीला, व्हायोलिनच्या आधी, अर्ध्या सेकंदाचा मानवी आवाज आहे. "...यांनी." बस. निवेदक तिन्ही नावं सांगून नुकताच थांबला आहे आणि नांदेडच्या त्या घरात कुणीतरी तेव्हा बटण दाबलं आहे. त्या माणसाला मी दोष देत नाही. कॅसेट महाग होती, जागा मोजकी होती, आणि नावं तर उद्याही सांगतीलच असं वाटण्याचा तो काळ होता. आपल्यापैकी किती जणांच्या घरी अशा टेपा आहेत ते आठवून पाहा: निवेदन वगळून, गाणं तेवढं टिपलेल्या.

आजची यंत्रणा तेच बटण सर्वांच्या वतीनं दाबते आहे, आणि तिच्याकडे जागेचं कारणही नाही. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपच्या पडद्यावर ठळक दिसतं ते गायकाचं नाव आणि संग्रहाचं चित्र. कवीचं नाव दोन-तीन पडदे आत, तेही असलं तर. ज्या प्रकाराला आपण शब्दप्रधान म्हणतो, त्यातून शब्द लिहिणाराच आधी गळावा, हे विचित्र आहे. इथे वाढणारी आपली मुलं ही गाणी पडद्यावरूनच ऐकणार. त्यांच्यासाठी पाडगावकर किंवा शांताबाई हे कुठल्यातरी आवाजाचं सामान होऊन राहिले तर तो दोष मुलांचा नसेल.

हताश होण्याचं मात्र कारण नाही. उत्तर जर्मन रेडिओवरून १९८०च्या दशकात एका श्रोत्यानं टिपलेलं एक गाणं अनेक वर्षं जगभरचे हौशी लोक शोधत होते. कुठल्याही ठशाशी ते जुळत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सापडलं: कील शहरातल्या 'फेक्स' नावाच्या बँडचं. यंत्रानं नव्हे, जुन्या कागदपत्रांचा माग काढत बसलेल्या माणसांनी ते शोधलं. वादक हयात होते आणि आपलं गाणं कुणी शोधतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. ट्रॅक सातची गायिका, कवी, तो व्हायोलिनवाला यांच्यापैकी कुणी आज असेल तर त्यांनाही पत्ता नसणार की नांदेडच्या एका आजोबांनी त्यांना सांभाळलं आणि ब्लेचलीच्या दुकानात कुणी थबकलं.

आपल्या हातात आहे ते साधं आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात गाणं म्हणताना तिन्ही नावं घ्या; वेळ कमी आहे म्हणून आधी तीच कापली जातात. कुणाला दुवा पाठवताना कवीचं नाव लिहून पाठवा. भारतातून टेपा उतरवून आणाल तेव्हा फाइलला क्रमांकाऐवजी जे माहीत आहे ते नाव द्या: कुणाची टेप, कुठल्या गावची, कोण लावायचं. आणि घरात कुणी वडीलधारं माणूस गुणगुणत असेल तर शब्द चुकले म्हणून दुरुस्त करायच्या आधी फोन सुरू करा, आणि गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. "हे कुठे ऐकलंस गं?" असं विचारा. उत्तर येईल तेही टिपून घ्या, भले ते अकरांपैकी एक असो.